लंगडणारं लेकरू आणि खुब्याचं हाड: पर्थेस आजाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोरगा महिनाभरापासून लंगडतो, पण दुखत नाही म्हणतो. दवाखान्यात न्यायची गरज आहे का?

हो, आहे. चार ते आठ वर्षांचं लेकरू दोन आठवड्यांहून जास्त लंगडत असेल, तर दुखो किंवा न दुखो, हाडाच्या डॉक्टरला दाखवायचं. पर्थेस आजाराची, म्हणजे रक्त न पोचल्याने खुब्याचं हाड मरण्याची, सुरुवात बहुतेक वेळा अशीच असते. सकाळी पोरगं बरं चालतं, दिवसभर हुंदडलं की संध्याकाळी पाय ओढतं, रात्री झोपून उठलं की पुन्हा ठीक. म्हणून घरच्यांना वाटतं, वावरात धुऱ्यावरून पडलं असेल, लचक भरली असेल, जाईल आपोआप. पडल्याची लचक आठ-दहा दिवसांत कमी व्हायला लागते. हा लंगडेपणा मात्र कमी-जास्त होत महिनोन् महिने टिकतो.

तो तर गुडघा दुखतो म्हणतो. गुडघ्याचा फोटो (एक्स-रे) काढला, तो चांगला आला.

याच ठिकाणी सर्वात जास्त वेळ वाया जातो. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याला काही नसा सामाईक आहेत. त्यामुळे बिघाड खुब्यात असतो आणि लेकरू हात ठेवतं मांडीवर किंवा गुडघ्यावर. गुडघा सुजलेला नाही, दाबून दुखत नाही, पूर्ण वाकतो, तरी तक्रार गुडघ्याचीच, असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट म्हणा, "खुबा पण तपासून बघा." गुडघ्याचा फोटो चांगला आला म्हणजे आजार नाही, असं धरून घरी परतू नका.

पर्थेस म्हणजे नेमकं होतं काय?

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं आणि फिरतं. या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या हाडाच्या मानेवरून, अगदी काठाकाठाने वर जातात. साधारण चार ते आठ वर्षांच्या वयात गोळ्याचा रक्तपुरवठा जवळजवळ पूर्णपणे या थोड्या वाहिन्यांवरच चालतो, पर्यायी वाट फारशी नसते. काही कारणाने हा पुरवठा थांबला की गोळ्यातलं हाड मरतं.

मोठ्या माणसात असं झालं तर ते हाड सहसा परत येत नाही. लेकरात मात्र रक्त पुन्हा सुरू होतं. शरीर मेलेलं हाड खाऊन टाकतं आणि त्या जागी नवं हाड भरतं. अडचण मधल्या काळात असते. जुनं हाड गेलेलं, नवं अजून घट्ट झालेलं नाही, अशा वेळी गोळा ओल्या मातीसारखा मऊ असतो. तो वाटीच्या आत नीट बसलेला राहिला, तर वाटीच्या साच्यात गोलच घडतो. बाहेर सरकला आणि वाटीच्या काठाखाली दाबला गेला, तर चपटा होतो आणि तसाच घट्ट होतो. हाड भरून आणण्याचं काम शरीर करतं. उपचाराने करायचं ते एवढंच की तोपर्यंत गोळा वाटीत राहावा आणि सांधा मोकळा राहावा.

कशामुळे होतो? आमचं काही चुकलं का?

नाही. रक्तपुरवठा नेमका का थांबतो याचं पक्कं उत्तर वैद्यकशास्त्राला अजून सापडलेलं नाही. मुलींपेक्षा मुलांमध्ये तो चार-पाच पट जास्त दिसतो. अंगाने बारीक, वयाच्या मानाने ठेंगणी आणि एका जागी न बसणारी पोरं यात जास्त आढळतात. घरातल्या विडी-सिगारेटच्या आणि लाकडाच्या धुराशी संबंध असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण तेच कारण असं सिद्ध झालेलं नाही. तरी लेकराजवळ विडी ओढू नये आणि चूल पेटलेली असताना त्याला धुरात बसवू नये. त्यात तोटा काहीच नाही. पोषण कमी पडलं, आईने गरोदरपणी अमुक खाल्लं, पोळ्याच्या करीला पडला, नजर लागली, यातल्या कशानेही हा आजार होत नाही.

घरी काही तपासून बघता येतं का?

तीन गोष्टी बघता येतात. जोर लावायचा नाही, लेकरू "आई" म्हणालं की थांबायचं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पायांची तुलना करायची.

चटईवर पाठीवर झोपवा, गुडघे सरळ. कंबर हलू न देता एकेक पाय जमिनीवरून बाहेरच्या बाजूला सरकवा. दुखरा पाय कमी उघडतो, आणि पुढे सरकवायला गेलं तर कंबरच सोबत येते.

मग पोटावर झोपवा. दोन्ही गुडघे एकमेकांना लावून काटकोनात वाकवा, तळपाय वर. आता दोन्ही पावलं हळूच बाहेरच्या अंगाला पडू द्या. निरोगी बाजूचं पाऊल बरंच खाली जातं, आजारी बाजूचं मध्येच अडतं. पर्थेसमध्ये सहसा सर्वात आधी हीच हालचाल कमी होते.

शेवटी भिंतीजवळ, भिंतीला न टेकता, एका पायावर अर्धा मिनिट उभं करा आणि मागून कमरेकडे बघा. दुखऱ्या पायावर उभं असताना उचललेल्या बाजूची कंबर खाली झुकत असेल, तर खुब्याचे स्नायू कमजोर झाले आहेत.

यातलं काही दिसलं म्हणजे पर्थेसच आहे असं नाही, पण बिघाड खुब्यात आहे हे कळतं. तिन्ही ठीक वाटलं आणि लंगडणं चालूच असलं, तरी दाखवायचंच.

अंगात ताप आहे आणि पाय टेकवतच नाही. उद्या सकाळी नेलं तर चालेल?

नाही, आत्ताच निघा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. हा पर्थेस नाही. सांध्यात पू झाल्याची शक्यता आहे, आणि पू कूर्चा, म्हणजे सांध्यातला गुळगुळीत थर, खातो. त्यात तासांचा हिशेब असतो. वाटेत गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन घेऊन घरी थांबणं सर्वात घातक, कारण ताप उतरतो आणि सांधा आतून सडत राहतो.

सर्दी-खोकल्यानंतर खुबा तात्पुरता दुखण्याचाही एक साधा प्रकार असतो. तो बहुतेक आठ-दहा दिवसांत विश्रांतीने बरा होतो. पण तो साधाच आहे हे तपासूनच ठरवावं लागतं.

आमच्या भागात सिकलसेल खूप आहे. त्याचा याच्याशी संबंध काय?

विदर्भातल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि खुब्याच्या गोळ्याचं रक्त तोडतात. फोटोत चित्र पर्थेससारखंच दिसू शकतं. पुढचा मार्ग मात्र वेगळा असतो, म्हणून "पर्थेस" असं कागदावर लिहिण्याआधी सिकलसेलची तपासणी झालेली असावी.

आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एवढ्यावर थांबायचं नाही, कारण वाहक आणि रुग्ण यातला फरक तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची सविस्तर तपासणी लागते. अहवालात "एएस" असेल तर लेकरू वाहक आहे, आणि खुब्याचा दोष सहसा त्यावर टाकता येत नाही. "एसएस" असेल तर रुग्ण आहे. वारंवार हातपाय ठणकणं, डोळे पिवळे दिसणं, फिकेपणा, तान्हेपणी हातापायांची बोटं सुजलेली असणं, हे सगळं डॉक्टरांना आठवून सांगा. सिकलसेलमध्ये खुबा थोड्या मोठ्या वयात आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी बिघडतो.

अशा लेकराला हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध नियमित लागतं का, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. वेदनेच्या गोळ्यांपैकी काही मूत्रपिंडाला जड जातात, त्या मनाने देऊ नका. ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला सिकलसेलचा अहवाल आधी दाखवा. अंग गार पडणं, पाणी कमी पडणं, ऑक्सिजन कमी होणं यातलं काहीही पेशी वाकवायला पुरतं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. तपासणी कुठे होते ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

एका डॉक्टरने खुब्याचा टीबी सांगितला.

ही गल्लत फार जुनी आहे. स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रोम यांनी १९०९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्यांनाही तो क्षयाचाच सौम्य प्रकार वाटला होता. १९१० मध्ये अमेरिकेचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस यांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला. म्हणून काही कागदांवर तिघांची नावं दिसतात.

टीबीत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, भूक मंदावणं, रात्री झोपेत दुखून दचकून रडणं, घरात कुणाला टीबी असणं, रक्ताच्या तपासणीत ईएसआर (अंगातली सूज दाखवणारा आकडा) वाढलेला, अशी लक्षणं असतात. सांध्याच्या सगळ्याच हालचाली बंद होतात. पर्थेसमध्ये लेकरू एरवी ठणठणीत असतं. टीबीची औषधं महिनोन् महिने चालतात, तेव्हा ती सुरू करण्याआधी संशय कशावरून आहे, एमआरआय किंवा सांध्यातल्या पाण्याची तपासणी करायची का, हे विचारणं हा तुमचा हक्क आहे.

फोटो कोणते काढायचे?

दोन. एक समोरून, दोन्ही खुबे एकाच फिल्मवर येतील असा. दुसरा बेडकासारखे पाय पसरून. एकाच बाजूचा फोटो काढून आणला तर तुलना करता येत नाही आणि पुन्हा खर्च होतो. अगदी सुरुवातीला फोटो साफ दिसू शकतो. संशय कायम असेल तर एमआरआय करतात किंवा काही आठवड्यांनी फोटो परत काढतात.

पुढे साधारण तीन-चार महिन्यांनी फोटो लागतो. जुने सगळे फोटो तारखेच्या क्रमाने सोबत न्या. डॉक्टरला आजचा फोटो जेवढं सांगतो, त्याहून जास्त आजचा आणि मागचा मिळून सांगतात. उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली किंवा खिडकीत ठेवलेल्या फिल्म काळ्या पडतात. पेटीत, कपड्यांच्या मध्ये सपाट ठेवा, आणि उजेडासमोर धरून मोबाईलवर त्यांचा फोटोही काढून ठेवा.

किती दिवस चालतो?

दिवस नाही, वर्षं. पूर्ण चक्र दोन ते पाच वर्षांचं असतं. पहिले काही महिने गोळा फोटोत पांढरा आणि लहान दिसतो. मग तो तुकड्या-तुकड्यांचा दिसू लागतो. हा टप्पा साधारण वर्षभराचा, आणि सर्वात नाजूक. त्यानंतर नवं हाड भरायला लागतं, त्याला दोन-तीन वर्षं लागतात.

फोटोत तुकडे बघून घरचे हादरतात. ते मोडलेलं हाड नसतं, जुनं हाड साफ होत असल्याचं ते चित्र असतं. खरी भीती दुसरीकडे आहे. बऱ्याच लेकरांचं दुखणं मध्येच थांबतं, घरचे समजतात बरा झाला, सोयाबीन सोंगायच्या दिवसांत नागपूरची फेरी चुकते, मग पुढची चुकते. दुखणं थांबलं तेव्हा गोळा अजून मऊच असतो. वर्षाने परत येतात तेव्हा तो चपटा होऊन घट्ट झालेला असतो, आणि मग फार थोडं करता येतं. तारखेला जाण्यासाठी लेकरू दुखण्याने रडायची वाट बघू नका.

औषध, कॅल्शियम, दूध, हाडांचा सूप?

पर्थेस बरं करणारं औषध नाही. लेकराला कॅल्शियम कमी पडलं म्हणून हा आजार होत नाही, त्यामुळे कॅल्शियमच्या बाटल्यांनी तो लवकर जातही नाही. घरचं चांगलं जेवण, डाळ, अंडी, दूध पुरेसं आहे.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं: वजनाच्या दर किलोला एका वेळी १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. २० किलोच्या लेकराला एका वेळी ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. बाटलीवर ५ मिलीत १२० आहे, १२५ आहे की २५० ते वाचा, "एक झाकण" या मापाने देऊ नका. सांधा फार आखडला असेल तर डॉक्टर काही दिवस आयबुप्रोफेन देतात, ते जेवल्यावर.

पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या कटाक्षाने टाळा. त्यांत स्टेरॉइड असलं तर दोन दिवसांत आराम पडतो, आणि स्टेरॉइडने तर खुब्याचा गोळा उलट मरू शकतो.

हाडवैद्याकडे मालिश केली तर?

इथे काही निखळलेलं नाही, त्यामुळे बसवायचंही काही नाही. मऊ झालेल्या गोळ्यावर झटका देऊन पाय ओढला किंवा मुरगाळला, तर सांधा आणखी सुजतो आणि आखडतो. घरी आजीने हलक्या हाताने तेल लावलं तर हरकत नाही, लेकराला बरं वाटतं. ओढाताण नको.

घरी काय व्यायाम करून घ्यायचा?

फिजिओथेरपिस्टने एकदा दाखवून दिल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ. आधी दहा मिनिटं कोमट पाण्याच्या पिशवीने शेक.

पाठीवर झोपून, टाच चटईवर घासत पाय बाहेर सरकवायचा, जिथे ताण बसतो तिथे दहापर्यंत मोजायचं, परत आणायचा. असं दहा वेळा. मग बसून दोन्ही तळपाय एकमेकांना लावून गुडघे हळूहळू जमिनीकडे सोडायचे, फुलपाखरासारखे. याशिवाय रोज वीस-तीस मिनिटं पोटावर झोपून अभ्यास करू द्या किंवा चित्रं काढू द्या. त्याने खुबा पुढून आखडत नाही. व्यायामानंतर दुखणं तासाभराहून जास्त टिकलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

पाय बाहेर उघडणं आधी होत होतं तेवढं होत नाही असं वाटलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. गोळा वाटीबाहेर सरकत असल्याची ती पहिली खूण असू शकते.

दोन्ही पायांना प्लास्टर आणि मध्ये दांडा घालणार आहेत. ते कशाला?

पाय उघडे राहिले की गोळा वाटीच्या आत खोल बसतो. म्हणून दोन्ही पाय फाकवून मध्ये दांडा बांधतात. साधारण सहा आठवडे ठेवतात, मग अनेकदा पट्ट्याचा ब्रेस देतात.

आपल्याकडे यातला खरा शत्रू उन्हाळा आहे. पंचेचाळीस अंशांत प्लास्टरखाली घाम साचतो, खाज सुटते आणि पोरं आत कंगवा, काडी, विणायची सुई घालतात. आत जखम झाली तर बाहेरून दिसत नाही, येतो तो फक्त वास. खाजेवर वरून पंख्याची हवा द्या, आत काही घालू देऊ नका, पावडरही नाही. दिवसातून चार-पाच वेळा पायाची बोटं बघा: गरम, गुलाबी आणि हलणारी असावीत. बोटं निळी, गार, बधिर झाली, किंवा पाय उशीवर ठेवूनही ठणक वाढत गेला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

घरी न्यायच्या दिवशी एसटीच्या बाकावर किंवा ऑटोत असं लेकरू मावत नाही. मागे आडवं झोपवता येईल अशी गाडी आधीच सांगून ठेवा.

ऑपरेशन कुणाला लागतं?

आजार सुरू झाला तेव्हाचं वय आणि गोळ्याच्या बाहेरच्या भागाची उंची किती टिकली आहे, या दोन गोष्टींवर बरंच ठरतं. सहा वर्षांच्या आत सुरू झाला तर बहुतेक लेकरं ऑपरेशनशिवाय चांगली होतात. आठ वर्षांनंतर सुरू झाला आणि बाहेरचा भाग मध्यम खचला असेल, तर ऑपरेशनने फायदा होतो, हे अमेरिकेतल्या हेरिंग यांच्या २००४ च्या अभ्यासात दिसलं. पूर्ण खचलेल्या गोळ्यात ऑपरेशन करूनही निकाल मध्यमच येतो. हे डॉक्टरांनी आधी सांगितलं पाहिजे आणि तुम्ही विचारलं पाहिजे.

मांडीचं हाड कापून त्याची दिशा बदलतात आणि पट्टी-स्क्रू लावतात, किंवा वरची वाटी गोळ्यावर झुकवतात. वेळ महत्त्वाची आहे. तुकड्यांचा टप्पा सुरू व्हायच्या आधी किंवा त्याच्या सुरुवातीला केलं तर उपयोग. नवं हाड बरंच भरल्यावर गोळा घडवायची संधी निघून गेलेली असते. मांडीच्या ऑपरेशननंतर पाय थोडा आखूड राहतो. फरक २ सेंटिमीटरच्या आत असेल तर चपलेत उंची देऊन भागतं.

शाळा, खेळ आणि संडासचं काय?

शाळा सोडायची नाही. गोळा मऊ असेपर्यंत कबड्डी, खो-खो, लंगडी, झाडावरून उड्या बंद. सायकल डॉक्टरांच्या परवानगीने चालते, मागे कुणाला न बसवता. पोहणं उत्तम, पण वावरातल्या विहिरीत एकट्याने नाही. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या, नाहीतर कवायतीच्या तासाला "नाटक करतो" म्हणून पळवतात. तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन हळूहळू फिरला तर काही बिघडत नाही, तेवढा आनंद त्याला मिळू द्या.

मांडी घालून बसणं सहसा चालतं. उकिडवं बसताना दुखत असेल किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवा. भोकाच्या कडा घासून त्यावर जुनं कापड गुंडाळा.

कुठे न्यायचं आणि खर्च?

नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं रुग्णालय, तसंच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथे अस्थिरोग विभाग आहेत. ओपीडी सकाळची असते, म्हणून आदल्या संध्याकाळी निघालेलं बरं. शाळेत किंवा अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही लंगडणं दाखवा, ते पुढे पाठवतात. भरतीच्या वेळी रेशनकार्ड, पालकांचं आणि मुलाचं आधार, जन्मदाखला सोबत ठेवा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर कागद अडकतात.

दुसऱ्या पायाला होईल का? धाकट्याला?

दर दहा लेकरांतल्या एखाद-दुसऱ्याला दुसऱ्या बाजूलाही होतो, बहुतेक वेळा पुढेमागे. दोन्ही बाजू एकाच वेळी, अगदी सारख्या बिघडलेल्या दिसल्या, तर थायरॉइड आणि हाडांच्या जन्मजात आजारांची तपासणी करून घ्यावी. भावंडांना सहसा होत नाही.

मुलीला झाला आहे. पुढे बाळंतपणाला अडचण येईल का?

सर्वसाधारणपणे नाही. मुलींची हाडं लवकर पक्की होतात, त्यामुळे गोळ्याला पुन्हा गोल व्हायला वेळ कमी मिळतो. म्हणून मुलीच्या तारखा चुकवू नका. "पोरीचं काय" म्हणून तिची फेरी पुढे ढकलली, तर तिचंच जास्त नुकसान होतं.

बरा झाला असं केव्हा म्हणायचं?

फोटोत पूर्ण गोळा नव्या हाडाने भरलेला दिसला, आणि डॉक्टरांनी धावायची मोकळीक दिली, तेव्हा खेळ सुरू. पट्टी-स्क्रू असतील तर साधारण वर्षभरानंतर काढतात. त्यानंतरही वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत, वर्षातून एक फोटो आणि पायांच्या लांबीचं माप घेत राहायचं. गोळा गोल भरला असेल तर लेकरू शेतीची सगळी कामं करू शकतं. थोडा चपटा राहिला असेल तर तरुणपणी फारसं जाणवत नाही, चाळिशी-पन्नाशीत खुबा दुखू शकतो. तेव्हाच्या डॉक्टरला दाखवायला लहानपणचे फोटो उपयोगी पडतात, म्हणून पेटीतली ती थप्पी फेकू नका.